अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

शनिवारी सकाळी लेक जान्हवी शाळेला आणि नवरा नंदकिशोर गोदामावर गेला, की प्रेमा घाडी स्वयंपाकघराचं दार लावून घेते, एक्झॉस्ट फॅन सुरू करते आणि जुन्या बिडाच्या तव्यावर तंबाखू भाजायला टाकते. पानं काळीकुट्ट झाली की ती चुरायची, चाळायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. आठवडाभराची मशेरी झाली. मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हा धूर उठला, की चौथ्या मजल्यावरच्या ऋता वैद्य खोकत खोकत खिडकी लावून घेतात. घाड्यांकडे मिरच्या भाजतायत, अशी त्यांची समजूत आहे. प्रेमाने ती समजूत मोडायची तसदी कधी घेतलेली नाही.

रोज पहाटे उठल्याबरोबर ती बोटावर चिमूटभर मशेरी घेऊन दातांना लावते आणि पंधरा मिनिटं बेसिनपाशी उभी राहते. तेवढ्या वेळात तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हा घरचा नियम. मग चूळ भरली की बाई माणसात येते, पोळ्या लाटते, शिलाई मशीनवर बसते आणि दिवसभर हसत असते.

याला कोणी व्यसन म्हटलं, तर घाड्यांच्या घरात भांडण होईल. व्यसन म्हणजे दारू, जुगार. मशेरी म्हणजे दात घासणं. नंदकिशोरची सिगारेट म्हणजे जेवणानंतर पाय मोकळे करणं. थोरला सौरभ आता एकवीस वर्षांचा आहे, विमानतळावर कार्गोत कामाला लागलाय. तो अठराचा असताना कॉलेजमागे ओढताना सापडला, तेव्हा नंदकिशोरने त्याला दोन शिव्या हासडल्या आणि जेवताना स्वतःच हसून म्हणाला, "वयच आहे. कमी ओढ, म्हणजे झालं." प्रेमाही हसली होती. आणि हे सगळं खालच्या टपरीवरून वर आणायचं काम कोणाचं? जान्हवीचं. ती पहिलीत होती तेव्हापासून. "जा गं जानू, पप्पांचं पाकीट आण, आणि माझ्यासाठी तंबाखूची पुडी. तुला एक चॉकलेट घे." टपरीवाल्याने कधी हटकलं नाही, आईबापांना कधी खटकलं नाही. घरोघरी हेच चालतं, मग कोण कोणाला विचारणार!

त्या शनिवारी तवा अजून गरम होता, तेवढ्यात फोन वाजला. जान्हवीच्या वर्गशिक्षिका गंधाली मॅडम होत्या.

"जान्हवीच्या आई, घाबरू नका. पण तिच्या पाऊचमध्ये वेप सापडलंय."

"काय सापडलं?"

"ई-सिगारेट. सरकारची बंदी आहे तिच्यावर. दिसायला जाड हायलायटरसारखी असते. जांभळ्या रंगाची आहे."

प्रेमा खुर्चीवर बसली. ती जांभळी वस्तू तिच्या चांगल्या ओळखीची होती. गेले दोन महिने ती स्वतःच्या हाताने ती चार्जिंगला लावत होती. "आई, माझा लाइटवाला हायलायटर लाव ना," असं जान्हवी सांगायची, आणि हल्ली पेनांनाही वीज लागते म्हणून प्रेमा कौतुकाने वैद्यबाईंना सांगायची. पोरीच्या दप्तराला आंब्याचा वास यायचा, तेव्हा तिला वाटायचं, खोडरबराचा असेल.

"आम्ही तिला शाळेतून काढणार नाही," मॅडम म्हणाल्या. "दहावीचं वर्ष आहे. सोमवारी दोघंही या. आमच्या समुपदेशक बाई बोलतील. तोवर मारू नका, ओरडू नका. प्लीज."

जान्हवी दुपारी घरी आली, ती तोंड पाडूनच. प्रेमाने तिला आधी जेवायला वाढलं. मग समोर बसून विचारलं, "कोणी दिलं तुला हे?"

"क्लासच्या गल्लीत स्टेशनरीवाला ठेवतो. काउंटरखाली."

"बंदी आहे ना त्याच्यावर?"

"आहे. म्हणूनच काउंटरखाली."

"आणि तुला कशाला हवं होतं गं? काय कमी आहे तुला?"

जान्हवी भातात बोट फिरवत म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्या ओढत होत्या म्हणून. आता तसं नाही राहिलं. सकाळी नाही घेतलं ना, तर डोकं धरतं, सगळ्यांवर चिडचिड होते. तुला कसं, मशेरी लावल्याशिवाय कोणाशी बोलता येत नाही? सेम तसंच, आई."

प्रेमाचा हात उठला होता, तो तिथेच राहिला. पोरीने उलट उत्तर दिलं असतं, तर एक थोबाडीत देऊन ती मोकळी झाली असती. पण पोरगी उर्मटपणे बोलत नव्हती. जे होतं ते सांगत होती.

थोबाडीत मारायचं काम संध्याकाळी नंदकिशोरने केलं. मग बाल्कनीत जाऊन लागोपाठ दोन सिगारेटी ओढल्या. तिसरी पेटवत त्याने भांडुपला थोरल्या भावाला, बाळाला फोन लावला. घाड्यांच्या घरात कुठलंही संकट आलं, मग ते नोकरीचं असो, आजारपणाचं असो की कोर्टकचेरीचं, बाळाने येऊन गावच्या रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही गिरणीच्या चाळीपासूनची रीत. भावाभावांत फोनवरच सगळं ठरलं. रविवारी गाऱ्हाणं, सोमवारी शाळेत जाऊन दाखला काढायचा आणि मंगळवारी पोरीला कणकवलीजवळ मोठ्या बहिणीकडे पोचवायचं.

"आणि दहावी?" प्रेमाने विचारलं.

"बाहेरून देईल. नाहीतर राहिली. अगं, गाववाल्यांच्या मंडळात कळलं तर वाट लागेल! उद्या हिला स्थळ कोण आणणार?"

"मॅडम म्हणाल्या, शाळा काढत नाहीये."

"शाळेला काय जातंय म्हणायला? नाव आपलं खराब होतं."

पंधरा वर्षांच्या पोरीला फार्मसीला जायचं होतं, गेल्या परीक्षेत तिला विज्ञानात पंच्याऐंशी होते, हे त्या घरात त्या संध्याकाळी कोणाच्या तोंडी आलं नाही. शाळेने जिला ठेवून घेतली, तिला घरचेच काढायला निघाले होते. आणि याला आपल्याकडे संस्कार म्हणतात!

रविवारी दहाला बाळा घाडी नारळ घेऊन आले. गालात तंबाखूची गोळी होती. गाऱ्हाणं घालायचं तर तोंड मोकळं हवं, म्हणून ते आधी बेसिनपाशी गेले, खाकरले, चूळ भरली आणि मिशा पुसत देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. नंदकिशोर खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या शर्टाच्या खिशात पाकिटाचा चौकोन स्पष्ट दिसत होता. सौरभ "आलोच" म्हणून खाली गेला होता, तो पेपरमिंट चघळत परत आला. जान्हवीला मध्ये उभी केली होती. कालच्या चपराकीने तिचा गाल अजून सुजलेला होता.

"हात ठेव गो नारळावर," बाळा म्हणाले. तिने ठेवला.

"बा देवा रवळनाथा..."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्यो नारळ तुझ्या नावान ठेवलेलो असा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ह्या घरातल्या चेडवाक वायट नाद लागलो, तो दूर कर आणि तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." प्रेमानेही हे मनापासून म्हटलं. लेकीला सुबुद्धी तिलाही हवीच होती.

"उद्याच्या उद्या हेचो शाळेचो दाखलो काढून हेका गावाक धाडतो, थय तू हेका सांभाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," नंदकिशोर एकटाच म्हणाला. सौरभ खाली बघत होता. बाळा थांबले. गाऱ्हाण्याला घरच्या बाईचा होकार लागतो. त्यांनी वळून पाहिलं.

"प्रेमा, होय म्हण गो."

"मी नाही म्हणणार, भावजी."

बाळांना वाटलं, आईची माया आहे. "रडा नको. पोरगी सुधारात."

"मी रडत नाहीये." प्रेमा आत गेली, मशेरीची डबी घेऊन आली आणि ती तिने नारळाशेजारी ठेवली. "हिचं गाऱ्हाणं घालताय, तर माझंही घाला. ही सात वर्षांची होती. दाढ दुखते म्हणून रडत होती. मी तिच्या दाढेवर मशेरी दाबली. पोर चक्कर येऊन पडली आणि झोपली. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, कशी शांत झोपली! हिला पहिल्यांदा तंबाखू मी दिली, भावजी. त्या स्टेशनरीवाल्याचा नंबर फार नंतरचा."

"प्रेमा, गप बस," नंदकिशोर दबक्या आवाजात म्हणाला. "विषय काय चाललाय, तू काय आणतेयस?"

"विषय हाच चाललाय. आणि गावाला पाठवताय ती कोणाकडे? वन्संकडे. त्या दिवसातून चार वेळा मशेरी लावतात. तिथे ही काय सोडणार?"

"बायलमाणसान गाऱ्हाण्यात तोंड घालूचा नसता!" बाळा कडाडले.

"मग देवालाच विचारा ना, कोणी कोणी गाऱ्हाणं घालायचं नसतं ते. तुम्ही आत्ता तोंड कशाला धुऊन आलात?"

बाळांच्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता आणि तोही धाकट्या भावाच्या बायकोकडून. मग सौरभ, ज्याचं या प्रकरणात काही म्हणणं असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं, तो बोलला.

"पप्पा, मी सापडलो तेव्हा मला नाही ना पाठवलं गावाला?"

"तू मुलगा आहेस!" नंदकिशोर बोलून गेला.

बोलून गेला आणि मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. पण बोललेलं काही परत घेता येत नाही. जान्हवीने नारळावरचा हात काढून घेतला. तिने कोणाला विचारलं नाही आणि कोणी तिला पुन्हा ठेव म्हणालं नाही.

"ठीक आहे," प्रेमा म्हणाली. "मग आपल्याला तिच्या फुफ्फुसांची काळजी नाहीये. सरळ सांगा तसं. आपल्याला तिच्या स्थळाची काळजी आहे. मला मात्र तिच्या फुफ्फुसांची आहे. ती कुठे जाणार नाही. उद्या मी तिला घेऊन शाळेत जाते. तुम्ही येणार असाल तर या. आणि ते पाकीट ठेवा इथे, या डबीच्या बाजूला."

नंदकिशोरचा हात खिशाकडे गेला. वाटलं, काढतो. पण त्याने खिसा नुसता झाकला.

सौरभने तेवढ्यात स्वतःचं अर्धं पाकीट काढून डबीशेजारी टाकलं, इतक्या रागाने, की त्यातली एक सिगारेट घरंगळत समईपाशी गेली. ती कोणी उचलली नाही. बाळा चहा न घेता निघून गेले. जाताना दारात म्हणाले, "गाऱ्हाणा अर्धा टाकूचा नसता. वायट होता." नंदकिशोर त्यांना सोडायला म्हणून खाली गेला, तो तासाभराने वर आला. कपड्यांना वास होताच.

"उद्या पोरगी हाताबाहेर गेली, तर तू जबाबदार," तो म्हणाला.

"आजपर्यंतही होतेच. मला माहीत नव्हतं, एवढंच."

प्रेमाने डबी कचऱ्यात टाकली. संध्याकाळी ती कचऱ्याच्या डब्यापाशी दोनदा जाऊन उभी राहिली, हेही सांगायला हवं. दुसऱ्यांदा तिने झाकण उघडलं होतं. जान्हवीने ते पाहिलं. तिने पिशवीला गाठ मारली आणि ती खाली टाकून आली.

सोमवारची सकाळ दोघींना फार वाईट गेली. प्रेमाचं डोकं ठणकत होतं, हिरड्या शिवशिवत होत्या. जान्हवीने दुधाचा कप आपटला, प्रेमा तिच्यावर ओरडली, जान्हवी उलट ओरडली, मग दोघी बेसिनपाशी शेजारी शेजारी उभ्या राहून नुसत्या पेस्टने दात घासू लागल्या. नंदकिशोर शाळेपर्यंत आला, पण फाटकापाशी थांबला. "तुम्ही व्हा पुढे, आलोच," म्हणाला.

समुपदेशक बाईंनी एक फॉर्म पुढे केला. नाव, इयत्ता, किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, हे सगळं जान्हवीने भरलं. शेवटी एक ओळ होती: घरात कोणी तंबाखू कोणत्याही स्वरूपात वापरतं का? पुढे हो आणि नाही असे दोन छोटे चौकोन आणि नावासाठी बोटभर जागा. बहुतेक आईवडील 'नाही'वर खूण करून पुढे जातात, असं बाई नंतर म्हणाल्या.

प्रेमाने पेन घेतलं. तिने 'हो'वर खूण केली आणि लिहायला लागली. बोटभर जागा पुरली नाही. उरलेली नावं तिने समासात वळवून लिहिली.

"वडिलांची सही राहिली," बाई म्हणाल्या.

"ते फाटकावर आहेत. हातातली संपली की येतील," प्रेमा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, लाजही होती, आणि तिने दोन्ही लपवलं नाही.

जान्हवीने फॉर्म आपल्याकडे ओढून वाचला. समासातली नावं वाचायला तिला मान तिरकी करावी लागली.

"आई, पप्पा जास्त ओढतात, दादा ओढतो. मग तुझं नाव पहिलं कशाला लिहिलंस?"

प्रेमाने पेनाचं टोपण लावलं.

"घरात पहिली मीच उठते ना," ती म्हणाली.