दोनशे अठ्ठ्याऐंशी रेषा

सोनी जामसरहून जीपला लटकून जव्हारला आली आणि बिलकीसच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर बसली. साडीवर रक्त होतं, तिचं नव्हतं.

"उमेशला खांबाला बांधलाय. माझा सख्खा भाऊस. सकाळपासून मारतात. ताई, तुमची सीडी खोटं बोलते."

बिलकीसने हातातलं काम बाजूला ठेवलं. परवा जामसरला हळदीच्या गर्दीत बुध्याच्या मानेत मागून कोयता बसला आणि तो जागीच मेला, तेव्हा तिचा कॅमेरा चालू होता. काल बुध्याचा मेहुणा ढवळू येऊन सीडी घेऊन गेला. गावाने ती टीव्हीवर पाहिली. कोयतेवाला पाठमोरा, पिवळा शर्ट. हळदीला पिवळा शर्ट एकट्या उमेशचा होता.

"सीडी खोटं बोलत नाही," बिलकीस म्हणाली. "तिला कमी दिसतं."

कॅमेरा नवा होता, हाय डेफिनिशन. त्याच्या टेपवर चित्राच्या एक हजार ऐंशी रेषा. गावातल्या प्लेअरवर चालावी म्हणून ती सगळ्यांना व्हीसीडीच काढून देई, तिच्यात दोनशे अठ्ठ्याऐंशी. टेपवरचे पंधरा-सोळा ठिपके मिळून सीडीवर एक ठिपका. रंग तर त्याहूनही जाडाभरडा.

तिने मूळ टेप कॉम्प्युटरवर लावली. शर्ट पांढरा होता. पाठीवर हळदीच्या हातांचे फराटे, आणि मधोमध एक पुरा ठसा. सीडीवर हे सगळं मिसळून पाठ पिवळी झाली होती.

सोनी पडद्याजवळ गेली. "करंगळी नाय. फागीचा हात हा. तिची करंगळी गिरणीच्या पट्ट्यात गेली."

फागी बुध्याची बहीण, ढवळूची बायको.

"तिने हळद कोणाला लावली?"

"नवऱ्याला. पाठीत धपाटाच घातला. आम्ही किती हसलो."

सोनी दाराकडे वळत म्हणाली, "कॅमेरा गावच्या टीव्हीला जोडा."

"त्या टीव्हीत पाचशे शहात्तर रेषा. ठसा परत पुसट होईल."

बिलकीसने चित्रातली नुसती पाठ कापून घेतली आणि फोटोच्या कागदावर छापली. पोलिसांना फोन केला. मग दोघी जामसरला निघाल्या.

उमेश खांबाला बांधलेल्या दोरीत लोंबत होता. एक डोळा बंद, तुटलेला दात खालच्या ओठात रुतलेला. ढवळूच्या हातात दांडा होता.

"फोटोवाली बाई आली," ढवळू म्हणाला. "याचं लगीन लावाया आली का?"

दोघे-तिघे हसले. ढवळूने उमेशच्या गुडघ्यावर दांडा घातला. हाड मोडल्याचं मागच्या लोकांनाही ऐकू आलं.

सोनीने गर्दीतल्या फागीकडे बोट केलं. बिलकीसने फोटो तिला दिला. फागीने बराच वेळ पाहिला, मग आपला हात फोटोशेजारी धरला. नखांत अजून हळद होती.

"तुझा पांढरा सदरा कुठं आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कोणचा?"

"हळदीचा. घरात नाय, दोरीवर नाय."

ढवळू मागे सरकला. मागे माणसं उभी होती. त्याच्या हातातला दांडा पडला.

सोनीने उमेशला सोडवून खाली निजवलं. तो श्वास घेत होता. तीच दोरी दुसऱ्या हातांनी उचलली.

"थांबा. पोलीस येतायत," बिलकीस म्हणाली. तिचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही.

दांडा फागीने उचलला. पहिला घाव ढवळूच्या तोंडावर बसला. पोलिसांची गाडी वळणावर ऐकू आली, तेव्हाही ती थांबली नव्हती.