पेटीतलं गाऱ्हाणं

अनिशनं बनवलेल्या यंत्राला गावात सगळे 'आप्पांची पेटी' म्हणतात. आप्पा म्हणजे मी. पेटीत माझा आवाज आहे, हे खरं. बाकी त्या पेटीचं मला नावही काढायचं नसतं, आणि ते का, हे मी ज्याला त्याला धरून सांगतो. लोक ऐकून घेतात, माना डोलावतात आणि परत 'आप्पांची पेटी' म्हणतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

आमचं गाव रत्नागिरीजवळ, आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर जाते. पालखी अंगणात टेकली की त्या घराच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. घरात काय चाललंय ते देवाला सांगायचं आणि त्याच्याकडे मागायचं. मी एकेक वाक्य बोलायचं, जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून साद द्यायची. वडिलांनी शिकवताना मला एकच बजावलं होतं, पालखीपुढे खोटं बोलायचं नाही. भांडण असेल तर भांडण आहे म्हणायचं, दारू असेल तर दारू. देवाला ते ठाऊक असतंच. आपण लपवत नाही, एवढं दिसायला हवं. मी हे पाळलं, त्यामुळे कधीही बघा, निम्मं गाव माझ्यावर रुसलेलं असायचं.

मला मूलबाळ नाही. अनिश माझ्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हापासून आमच्याकडेच वाढला, रत्नागिरीत पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. माझ्यामागे गाऱ्हाण्याचा मान त्यानं चालवावा, एवढीच माझी इच्छा होती. गावकीनंही त्याला हरकत घेतली नव्हती. पण तो काही शिकायला बसेना.

"मामा, ऐकून माझ्या ध्यानात राहत नाही," तो एकदा म्हणाला. "सगळ्या घरांचं रेकॉर्ड करून घेऊया. मग मी वर्षभर ऐकत बसेन."

"मग कॅसेट भर की."

"कॅसेटला आपल्याकडच्या पावसात बुरशी येते. आणि एक घर शोधायचं तर अर्धा तास फिरवत बसा. सीडीवर पाहिजे त्या वाक्यावर थेट उडी मारता येते."

पण एका सीडीत जेमतेम एक वाडी मावणार. गाव मोठं, वाड्या पुष्कळ. तेव्हा सगळ्या वाड्यांच्या सीड्या पोटात ठेवील, भरलेली आपणच काढील, कोरी आपणच लावील आणि पुढे हवी ती शोधून वाजवील, असं यंत्र करायचं त्याच्या डोक्यात आलं. मुलगा गाऱ्हाणं शिकणार या आनंदात मी घराची पडवी त्याला मोकळी करून दिली.

त्यानं मुंबईहून सीडी भरणारा एक जुना रेकॉर्डर आणला. त्याच्या शेजारी एक फिरती थाळी बसवली, तिच्यात मांडणीत ताटं लावतात तशा सीड्या उभ्या. वर एक हात. हाताच्या टोकाला तीन बारीक बोटं. ती सीडीच्या मधल्या भोकात शिरायची, फाकायची आणि सीडी उचलून रेकॉर्डरच्या तोंडात आडवी ठेवायची. हे सगळं एका मोटरवर. हातानं कधी उचलायचं, कधी वळायचं, थाळीनं कधी फिरायचं, हे खाचा पाडलेल्या एका चकतीवर ठरे. तिला तो कॅम म्हणे. पहिल्या कॅमनं एकावर एक दोन सीड्या ठेवल्या. दुसऱ्यानं एक सीडी माझ्या चहात सोडली. खाऱ्या हवेनं बोटांच्या स्प्रिंगा गंजल्या, तेव्हा मी स्वतः मिरकरवाड्याला जाऊन होड्यांच्या सामानाच्या दुकानातून न गंजणाऱ्या आणल्या. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून नेताना हादरे बसू नयेत म्हणून यंत्र सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर दुसऱ्या पेटीत टांगलं, आणि गुलाल आत जाऊ नये म्हणून झाकणाला रबर लावलं. मला खरंच कौतुक वाटत होतं. त्याच्या हाताला यश होतं, हे मी आजही नाकारत नाही.

एक अडचण मात्र सुटेना. एक सीडी जाऊन दुसरी लागेपर्यंत यंत्र बहिरं आणि मुकं. तेवढ्यात मी बोललेलं वाया जायचं. हात जोरात फिरवला की सीडी निसटायची. महिनाभर तो कानशी घेऊन त्या कॅमशी झटत होता.

शेवटी मीच म्हटलं, "अरे, हाताची कशाला घाई करतोस? मी थांबतो ना. सीडी भरत आली की दिवा लाव. मी वाक्य पुरं करून गप्प होतो. लोक 'व्हय महाराजा' म्हणतील, मग ढोलावरच्या धाकूला सांगू जरा जास्त वाजव. तेवढ्यात तुझं काम होईल."

अनिशनं कानस खाली ठेवली आणि मला मिठी मारली. एवढा मोठा झाल्यावर पहिल्यांदाच. पुढे त्यानं कॅम तसाच कापला, सादेला आणि ढोलाला पुरेल इतका संथ. त्या दिवशी मी बायकोला शिरा करायला लावला.

दोन हजार दोनच्या शिमग्यात पेटी पालखीमागून फिरली. दोघांच्या खांद्यावर वासा, वाशाला पेटी, शेजारी मोटारीची बॅटरी. दिवा लागला की मी थांबे, लोक साद देत, धाकू ढोल बडवी. वाक्यावाक्याला थांबायची सवय मला इतकी जडली, की दिवा नसतानाही मी थांबू लागलो. धाकू आमचा शेजारी, ढोलावरचा. त्याच्या घरी मी म्हटलं, "महाराजा, ह्या घरातली माय लेकरांत सुखानं बसलेली हाय, तिला अशीच ठेव." तेवढ्यात त्याच्या गोठ्यातली म्हैस हंबरली आणि सगळे हसले. तेही भरलं गेलं.

मग पालखी देवदत्ताच्या अंगणात गेली. हा बागायतदार, आंब्याच्या कॅनिंगचा कारखाना, शिवाय गावकीचा अध्यक्ष. नवं घर बांधल्यापासून त्यानं आपल्या आईला, आनंदीबाईला, कलमांच्या बागेत राखणदाराच्या खोपीत ठेवली होती. तिला दिसत नव्हतं, घरात ती फरशी घाण करते म्हणे. गावात सगळ्यांना ठाऊक, आणि कोणी बोलत नव्हतं. मी बोललो. "महाराजा, ह्या घराची माय घराभायर हाय. घर मोठं झालं, तिला जागा उरली नाय. लेकाला बुद्धी दे, तिला घरात घेऊ दे." साद आली, पण बारीक. देवदत्त हसला, त्यानं नारळ दिला, पालखीला खांदा दिला. बागेच्या दगडी गडग्यापलीकडे आनंदीबाई हात जोडून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर वर्षभरात दोनच गोष्टी झाल्या. आनंदीबाई खोपीतच राहिली. आणि देवदत्तानं अनिशला आपल्या कारखान्यातली एक शेड वापरायला दिली. पडवीत जागा अपुरी पडते, असं अनिश म्हणाला. मला उलट बरं वाटलं. वाटलं, माणूस मनानं मोठा निघाला, माझ्या बोलण्याचा राग धरला नाही. सीड्या ऐकतोस का, असं मी अनिशला विचारलं की तो म्हणे, "रोज ऐकतो मामा." ते खोटं नव्हतं, हेच मला आता जास्त डाचतं.

पुढच्या शिमग्याला मी धोतर नेसून, फेटा बांधून सहाणेवर, पालखी बसवतात त्या चौथऱ्यावर, गेलो. पालखी सजली होती. पालखीपुढे, माझ्या उभं राहायच्या जागी, एका चौरंगावर पेटी. दोन्ही बाजूंना कर्णे. पेटीला झेंडूचा हार.

"ही आज कशाला आणलीस?" मी अनिशला विचारलं. "रेकॉर्ड तर झालं."

तो पेटीच्या वायरींत हात घालून बसला होता. उत्तर देवदत्तानं दिलं.

"आप्पा, तुमचं आता वय झालं. पाखाड्या चढून तुमाला धाप लागते. औंदा पेटी गाऱ्हाणं घालील. तुमी आरामात मागनं चाला."

"मान माझा हाय."

"मान तुमचाच. कोण काढतोय? आवाज तुमचाच, शब्द तुमचेच. दुसऱ्या कुणाचा आवाज लावला असता तर तुमचं म्हणणं बरोबर व्हतं." त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "काय रे, बरोबर हाय ना?"

माणसं जमिनीकडे बघत होती. मी अनिशजवळ वाकलो. "तू शिकणार म्हणून मी बोललो होतो त्यात. तुला शिकायचं होतं ना?"

"मामा, हे शिकण्यापेक्षा सोपं आहे," तो हळू म्हणाला. "आणि देवदत्तकाका एमआयडीसीत मला गाळा बघून देतायत. अशी पेटी प्रत्येक गावाला लागेल. तुमचंच नाव होईल."

कोणी परक्यानं केलं असतं तर मी भांडलो असतो. भांडायला मी कधी मागे सरत नाही. पण ज्याला अंगाखांद्यावर खेळवला त्यानं केसानं गळा कापल्यावर भांडायचं कुणाशी? मी पालखीमागून चालू लागलो. घरी जायला हवं होतं. पण पालखी उठली की आमच्या घरातला पुरुष घरी बसत नाही, एवढंच मला कळत होतं.

घरोघर माझा आवाज गाऱ्हाणं घालत होता. लोक साद देत होते, धाकू ढोल वाजवत होता, ढोलाच्या आवाजाआड पेटीतला हात फिरत होता, थाळी फिरत होती. माझ्या थांबण्याच्या जागा नेमक्या तिथेच होत्या. यंत्र कुठेही अडलं नाही. दुपारी पालखी देवदत्ताच्या अंगणात टेकली.

"महाराजा, ह्या घरावर तुझी छाया हाय," मी पेटीतून म्हणालो. 'व्हय महाराजा.' ढोल. पेटीत बारीक खटका झाला. सीडी गेली, दुसरी आली. एकाच घरात सीडी का बदलावी लागतेय, हे मला समजेना.

"महाराजा, ह्या घरातली माय लेकरांत सुखानं बसलेली हाय, तिला अशीच ठेव."

आणि मागे म्हैस हंबरली.

देवदत्ताकडे म्हैस नाही. धाकूच्या घरचं वाक्य उचलून त्यांनी या घराला लावलं होतं. वर्षभर अनिश रोज ऐकत होता तो याच्यासाठी. धाकूनं माझ्याकडे पाहिलं, त्याला आपली म्हैस कळली होती. पण टिपरं त्याच्या हातात होतं आणि सगळे 'व्हय महाराजा' म्हणून मोकळे झाले होते.

"खोटं हाय," मी ओरडलो. "हे माझं नव्हे. ही बाई खोपीत पडलीय. खोटं हाय."

धाकूचा ढोल सुरू झाला होता. इथे जास्त वाजव, हे मीच त्याला शिकवलं होतं. माझ्या शेजारच्या माणसालाही काही ऐकू गेलं नसावं. ढोल थांबला तेव्हा पेटी पुढच्या वाक्यावर होती आणि देवदत्त नारळ वाढवत होता. अनिशनं एकदाही मान वर केली नाही.

पालखी उठली. मी पहिल्यांदाच तिच्यामागे गेलो नाही. अंगण रिकामं झाल्यावर गडग्यापलीकडून काठीचा आवाज आला. आनंदीबाई गडग्याला हात लावून उभी होती.

"आप्पा हायस का रे?"

"हाय, काकी." मी गडग्याजवळ गेलो.

"गेल्या साली तू देवाला सांगितलंस. मला वाटलं, आता देवाच्या कानावर गेलं, आज ना उद्या नेतील घरात. वर्षभर वाट बगितली मी. आणि आज तूच त्याला सांगितलंस, माय सुखात हाय म्हणून."

"काकी, ते मी नाय म्हटलं. ते यंत्र हाय. दुसऱ्या घरचं वाक्य काढून लावलंय. अनिशनं केलंय ते."

"मला दिसत नाय रे, आप्पा. मला आवाज तेवढा कळतो." तिनं माझा हात चाचपून धरला. "आवाज तुझा नव्हता?"

देवाशपथ सांगतो, खोटं बोलायची इच्छा आयुष्यात मला त्या एकदाच झाली.

"माझा होता," मी म्हणालो.

तिनं हात सोडला आणि काठी टेकत ती खोपीकडे गेली.