उजव्या हाताची जलदेवी

बिडकीन रस्त्याला शहर संपून प्लॉटिंग सुरू होतं, तिथल्या आमच्या वस्तीत त्या दुष्काळी उन्हाळ्यात जलदेवी प्रकट झाली. तीही कुठं, तर टँकरच्या पाण्याच्या टाकीला बसवलेल्या नव्या व्हॉल्व्हच्या दांड्यात! सकाळी सातला हंड्यांची ही गर्दी, आणि मधोमध भगव्या कफनीतले कळबाबा.

"यावं, कुणीही यावं, दांडा फिरवून बघावा!" बाबा गर्जायचे. "फक्त उजव्या हातानं. डावा पाठीमागं. डाव्या हातानं देवाला कुणी शिवतं का?"

कुणीच शिवत नाही. पैलवान रामकिसननं जोर लावला, दांडा ढिम्म. मग मी. सोयगावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला मी, डावा हात गुमान पाठीमागं ठेवून घामाघूम झालो. शेवटी बाबांनी दांड्याच्या मुळावर भगवं फडकं टाकलं. "देवी लाजते," म्हणाले. डावा हात फडक्याखाली घातला, उजव्यानं दांडा फिरवला आणि पाणी धो धो सुटलं.

"याला कलियुग का म्हणतात? हे कळीचं युग आहे, म्हणून!" बाबा म्हणाले. यावरही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं एका सकाळी बाबांनाही दांडा फिरेना, म्हणजे त्यांनी फिरवला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि रांगेतल्या साळूबाईकडं बोट केलं. या बाईच्या हाताला दोष आहे. दुभती शेळी देवीला सोडेपर्यंत हिच्या घरात थेंब जाता कामा नये.

साळूबाईची सून नऊ दिवसांची बाळंतीण होती. तरी दोन दिवस शेजारच्यांनी तिला तांब्याभर पाणी दिलं नाही. मी एक कळशी दिली, पण चोरून. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी साळूबाई शेळी घेऊन आली. बाबांचा डावा हात फडक्याखाली होता, उजवा दांड्यावर.

"दे दोरी," बाबा म्हणाले.

"कोन्त्या हातानं घेता?" तिनं विचारलं. "उजव्यात दांडा हाय. डावा फडक्याखाली."

बाबा गडबडले. "बांध तिथं खांबाला."

"बांधते. पर एक सांगा. आमच्या डाव्या हातानं देवी बाटते, मंग तुमचा डावा तिच्या अंगावर कसा चालतो?"

"हा सिद्ध हात आहे, बाई!"

"व्हय? मंग दावा की. लोकान्लाबी दर्शन घडू द्या!"

आणि तिनं फडकं ओढलं.

सिद्ध हाताचा अंगठा दांड्याच्या मुळाशी एका पोलादी खिट्टीवर होता. येताजाता गुराढोरांचा धक्का लागून व्हॉल्व्ह उघडू नये, पाणी वाया जाऊ नये, म्हणून केलेली ती सोय. एका हातानं खिट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. फिटरनं व्हॉल्व्ह बसवला तेव्हा बाबा टाकीच्या सावलीत बसून बघत होते. आम्हाला दिसू नये एवढं त्यांनी फडकं टाकलं. आमचे डावे हात मात्र आम्हीच पाठीमागं बांधले.

साळूबाईनं डाव्यानं खिट्टी दाबली, उजव्यानं दांडा फिरवला आणि पहिला हंडा बाळंतिणीसाठी भरला. तोवर बाबा रस्त्याला लागले होते.

लोकांचं काय? रामकिसन पुढं झाला आणि सगळ्यांदेखत साळूबाईच्या पायांवर पडला. "आई, देवी तुमच्या अंगात आली!" मागून आणखी दोघी कुंकू घेऊन आल्या.

साळूबाई भडकली. "ऊठ मेल्या! दोन दिस पानी मागितलं तवा कुटं व्हता? माज्या पाया पडू नको, खिट्टी दाब. दोनी हात लाव!"

वाचकहो, यापेक्षा वेगळं मला काही सांगायचं नाही. चमत्कार दिसला की आधी फडकं उचला. आणि कुणी एक हात पाठीमागं ठेवायला सांगितला, तर नेमका तोच हात पुढं करा.