सत्तर मिनिटांची बॅटरी

पेसामिनोचा थोरला भाऊ एनेलिको मंगळवारी ऑकलंडमध्ये वारला. शनिवारी सकाळी तिथल्या चर्चमध्ये शवपेटीवर झाकण बसणार होतं, आणि त्याआधी आईला त्याचं तोंड एकदा दिसायला हवं होतं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

आई चौऱ्याऐंशीची. डॉक्टरने विमानाचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलं होतं. एक डोळा कधीच गेलेला, आणि दुसऱ्याला दिसे ते फक्त मोठं आणि उजेडातलं. फोनच्या पडद्यावर तिला काही म्हणजे काही कळत नसे. पण मागच्या खोलीत होम थिएटर होतं. ते एनेलिकोनेच पाठवलेलं, सहा वर्षांत, गोदामात ओव्हरटाइम करकरून, एकेक वस्तू खोक्यात भरून जहाजाने. आधी प्रोजेक्टर, मग ॲम्प्लिफायर, मग पाच स्पीकर आणि शेवटी डुक्कर मावेल एवढा बेसचा डबा. त्या भिंतीवर माणसाचं तोंड दाराएवढं व्हायचं, आणि मग आई म्हणायची, "अगं बाई, ही तर आपली नात." ऑकलंडचं चर्च कार्यक्रम लॅपटॉपवर थेट दाखवणार होतं, इकडचं बोलणंही तिकडे पोचणार होतं. म्हणजे सोय होती.

नव्हती ती लाईट. महिनाभर सामोआत सगळ्या बेटावर लाईटचं जावयासारखं चाललं होतं. मनात आलं की यायची आणि कुणी वर तोंड करून बोलायचं नाही. गावच्या चर्चचा जनरेटर दोन आठवडे खोलून पडला होता, त्याचा एक भाग यायचा होता म्हणे. म्हणून गुरुवारी पेसामिनो बस धरून राजधानीला, आपियाला गेला.

बॅटऱ्यांच्या दुकानातली तेलेसिया त्याच्याच आजोळच्या गावची. तिने वही काढली.

"काय काय चालवायचंय, काका?"

"लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर, इंटरनेटचा डबा. आणि बेस."

"मयताला बेस कशाला?"

"पुरुषांचा खालचा सूर आईला बेसशिवाय ऐकू येत नाही, पोरी. आणि एनेलिको खालच्या सुरातच गायचा."

तेलेसियाने बेस वहीत लिहिला. मग म्हणाली, "किती वेळ चालायला हवं?"

पेसामिनोने ऑकलंडहून आलेला छापील कार्यक्रम काढला. प्रार्थना, गाणं, दोन शब्द, आभार, अंत्यदर्शन. बेरीज चाळीस मिनिटं.

"चाळीस मिनिटांत आपल्या लोकांचं घसा खाकरणंसुद्धा उरकत नाही काका," तेलेसिया हसून म्हणाली. "तो मोठा बॅटरीचा डबा घ्या, चाकांचा. चार तास हूं की चूं करत नाही."

"दे की मग."

"तो हॉटेलवाल्यांनी ठेवून घेतलाय. दुसरा पंधरा दिवसांनी, जहाज आलं तर."

राहिले दोन रस्ते. एक, ट्रकच्या बॅटऱ्या आणि स्वस्तातला इन्व्हर्टर. पण त्याची वीज खडबडीत. तेलेसियाने लावून दाखवला तर स्पीकर कुत्र्यासारखा गुरगुरायला लागला. दुसरा, मोठ्या बॅटरीचा धाकटा भाऊ, हातात उचलून नेता येईल असा, एकच शिल्लक. त्याच्यावर किती टक्के शक्ती उरली त्याचा आकडा दिसायचा. तेलेसियाने वहीत गणित मांडलं आणि तास, फार तर सव्वा तास म्हणाली. पेसामिनोने धाकटा भाऊ मांडीवर घेऊन बसमधून घरी आणला.

शुक्रवारी त्याने मेन स्विच पाडला, सगळं सामान लावलं आणि रग्बीची जुनी मॅच सुरू केली. बरोबर सत्तर मिनिटं चाललं. चाळीस खर्च, तीस शिल्लक. माणूस शहाणा होता, त्याने तोंडी हिशेबावर विसंबून न राहता परीक्षा घेतली होती. कौतुक करायला हवं. पण शहाण्या माणसाची अक्कल नेमकी कुठे पेंड खाते बघा.

संध्याकाळी त्याची बायको रूटा बातमी घेऊन आली. एनेलिकोच्या बायकोकडचे लोक तीन वक्ते आणणार होते. साधेसुधे नव्हेत, घराण्याचे मानकरी, हातात काठी आणि खांद्यावर चवरी घेऊन उभे राहणारे. त्यांनी ऑकलंडमध्ये उभं राहून घराण्यांची नावं घ्यायची, आणि इकडून, मयताच्या आईकडून, कुणी तोंड उघडायचं नाही? पेसामिनो उठला, रिवाजाची भेट म्हणून एक चटई आणि कॉर्न्ड बीफचा मोठा डबा घेतला आणि गावचा मानकरी वक्ता सेआमालु याच्या पायाशी जाऊन बसला.

"उद्या आमच्याकडून चार शब्द बोला," तो म्हणाला.

"चार शब्द?" तो घरी आल्यावर रूटाने कपाळाला हात लावला. "सेआमालुला? अरे, तो नुसतं पाणी मागायचं तर आधी गावाचा इतिहास सांगतो. बॅटरी भावासाठी आणलीस का सेआमालुसाठी?"

"मान राखायला नको का?"

"राखा. मान राखा तुम्ही."

शनिवारी खिडक्यांवर घोंगड्या बांधून खोली काळोखी केली. आई पांढरा पोशाख आणि टोपी घालून अगदी पुढे बसली. मागे तीस माणसं, उकाड्याने भिजलेली. भिंतीवर ऑकलंडचं चर्च उजळलं. पेटी उघडी होती, पण कॅमेरा पार मागे, त्यामुळे दिसत होती फक्त लेस आणि फुलं. जवळून दाखवणार ते अंत्यदर्शनाच्या वेळी, शेवटी.

प्रार्थना सुरू झाली आणि लाईट गेली. पंखे थांबले. भिंतीवरचं चर्च मात्र जागचं हललं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "वा रे पठ्ठ्या." पेसामिनोला, खोटं कशाला बोला, क्षणभर अभिमान वाटला.

गाणं संपलं तेव्हा बॅटरीचा आकडा पंच्याऐंशीवर होता. मग ऑकलंडचे तिघे वक्ते उठले. आता तीन मानकरी एकदम उठले की बोलायचं कुणी, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते चारचौघांत, अदबीने ठरतं. पहिला म्हणतो, तुम्ही बोला. दुसरा म्हणतो, छे छे, तुमच्यापुढे मी कोण. तिसरा दोघांचेही पूर्वज आठवतो. तिघांनाही बोलायचंच असतं, म्हणून कुणीच पटकन बसत नाही. खोलीतली म्हातारी माणसं खूश होऊन माना डोलावत होती. पंधरा मिनिटं गेली. बासष्ट.

कार्यक्रमाच्या कागदावर याला "दोन शब्द" म्हटलं होतं. पेसामिनो जन्मभर असल्या सभांमध्ये बसत आला होता, आणि तरी त्याने तो कागद खरा मानला. ज्याने जिंकलं तो वक्ता वीस मिनिटं बोलला. चौतीस. मग सेआमालु लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. त्याची अर्धी सावली भिंतीवर पडली. त्याने काठी टेकली आणि पूर्वज बेटावर आले त्या पहिल्या होडीपासून सुरुवात केली.

पेसामिनोने हळूच बेसची वायर उपटली. आकडा थोडा वेळ दम धरून बसला आणि पुन्हा उतरायला लागला. खरा खादाड होता प्रोजेक्टर.

"बंद कर तो," रूटा कानात म्हणाली. "बोलणं होईपर्यंत बंद कर. मग लाव."

करता आलं असतं. दोन पावलांवर बटण होतं. पण सेआमालु ज्यांचा मान करत होता ते मानकरी समोर भिंतीवर बसले होते. त्याच्या तोंडासमोरून त्यांना पुसून टाकायचं म्हणजे भर सभेत कुणाच्या अंगावरचं वस्त्र ओढण्यासारखं. तरी पेसामिनो उठला. कमरेत वाकून, माफी पुटपुटत, माणसांमधून पुढे सरकला. आईने त्याचं मनगट धरलं.

"बस खाली. कुठे चाललास?"

"आई, बॅटरी..."

"बोलू दे त्याला. ऐकतोयस ना, तुझ्या आजोबांचं नाव घेतलं. एनेलिकोसाठी बोलतायत रे ते. माझ्या लेकासाठी."

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र नव्या नवरीसारखा उजळला होता. तिला काय सांगायचं? मान हवा की तोंड बघायचंय, एक काहीतरी निवड, असं? पेसामिनो खाली बसला. आईने मनगट सोडलं नाही. सोळा. बारा. सेआमालु पणजोबांपर्यंत आला होता. सामोआतल्या कुणाही माणसाला ते भाषण ऐकून धन्य वाटलं असतं, आणि पेसामिनोच्या मनात मात्र येत होतं की या म्हाताऱ्याची दातखीळ बसावी. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आठवर सेआमालु बसला. ऑकलंडने आभार मानले, थोडक्यातच मानले बिचाऱ्यांनी. तीन. पाद्री म्हणाला, आता कुटुंबाने जवळ यावं. कॅमेरा हलला. माणसांच्या पाठी, टोप्या, पेटीची कड, कोटाची बाही, आणि बाहीवर ठेवलेला हात, भिंतभर मोठा.

"हात," आई म्हणाली. "त्याचा हात."

आणि भिंत काळी झाली.

मग कुणीतरी घोंगडी ओढली आणि सकाळचं ऊन सरळ आत आलं. आई भिंतीकडेच बघत होती. सेआमालु कोपऱ्यात घाम पुसत होता, चांगलं काम झाल्याच्या समाधानात, आणि त्याचा तरी काय दोष? रूटाने स्वतःच्या फोनवर चर्च लावलं. इंटरनेटचा डबाही बॅटरीबरोबरच मेला होता, टॉवरची रेंज जेमतेम. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. एक मिनिट. तीन मिनिटं. पेसामिनो देवाला काय काय कबूल करत होता ते त्याचं त्यालाच माहीत.

चित्र आलं. झाकण बसलं होतं. त्यावर फुलं होती आणि दोन माणसं वाकून स्क्रू आवळत होती. रूटाने फोन पेसामिनोच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

"आलं का रे?" आईने विचारलं.

"आलं, आई."

तिने हात पुढे केला, काचेवर बोटं टेकवली, डोळा अगदी जवळ नेला. मग मान हलवली. "मला नाही दिसत. दिसतोय का तो?"

"दिसतोय."

"दाढी केलीय ना नीट?"

"केलीय. गुळगुळीत."

"दुखतंय असं वाटतं का तोंडावरून?"

"नाही, आई. झोपलाय. कामावरून येऊन झोपतो ना, तसा."

तिने त्याचं मनगट पुन्हा घट्ट धरलं. "फोन हलवू नकोस. तू बघ. पोटभर बघ. माझ्या वाटचंही बघून घे."

पेसामिनो बघत राहिला. ती माणसं चौथा स्क्रू आवळत होती.