कानबाईचा रोट

"‘कुत्रे’ लिखू नका सर, ‘प्राणी’ लिखा," अभिमनभाऊ म्हणाले. "उद्या कोनी मांजर लई उना तं वाईट नको वाटाले."

"कुणाला? मालकाला?"

"मांजरले," ते गंभीरपणे म्हणाले.

मी धुळ्यात, देवपुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे गल्लीतली प्रत्येक पाटी मी फुकटात रंगवायची असते, असा एक अलिखित कायदा आहे. मी ब्रश बुडवला आणि लिहिलं, ‘पाळीव प्राणी सांभाळून मिळतील.’ खाली अभिमनभाऊंचं नाव. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं नाव कुठंतरी एवढ्या मोठ्या अक्षरांत आलं असेल. ते बराच वेळ पाटीकडे बघत उभे राहिले, मग घरात जाऊन बायकोला बोलावून आले.

ही १९८९ सालची गोष्ट. अभिमनभाऊ माझे शेजारी. सरकारी ढोरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं परिचर होते. परिचराचं काम काय, तर धरायचं. डॉक्टर सुई टोचणार, अभिमनभाऊ बैलाची शिंगं धरणार. अकरा डॉक्टर आले आणि बदलून गेले, धरणारा एकच राहिला. शाल-नारळ घेऊन घरी आले आणि आठ दिवसांत कंटाळले. म्हैस विकल्यापासून मागचा गोठा रिकामाच होता. तो झाडून त्याला चुना मारला, पत्र्याखाली तीन कप्पे केले आणि ठरवलं की गावाला जाणाऱ्यांची जनावरं सांभाळायची.

"धुळ्यात?" मी हसलो होतो. "अहो, इथं कुत्र्याला शिळी भाकर टाकली तरी माणूस गावभर सांगत सुटतो. ते ठेवायला कोण येणार?"

"येडं लागनं शे यास्ले," ताईबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या म्हणण्याला दुजोरा दिला होता.

दोन महिने कुणी आलं नाही. श्रावण लागला आणि बँकेतले कुरियन साहेब दारात उभे राहिले. त्यांची आई केरळात आजारी होती, तार आली होती. सोबत त्यांचा अल्सेशियन होता, कैसर. साहेबांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी साखळी अभिमनभाऊंच्या हातात दिली. "भाऊ, मेरा और कोई नहीं है यहाँ," एवढंच ते बोलले आणि रिक्षात बसले.

त्या दिवसापासून कैसरनं अन्नाला तोंड लावलं नाही.

भाकरी झाली, दूध झालं, मटण झालं. तो कोपऱ्यात पडून दाराकडे बघत राहायचा. चौथ्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी सलाइन लावलं. धरायची गरजच पडली नाही, कुत्रं हललंसुद्धा नाही. "आजार काही नाही," डॉक्टर म्हणाले, "मनानंच घेतलंय. आणखी दोन-तीन दिवस असंच राहिलं तर अवघड आहे."

अभिमनभाऊंचा चेहरा काळवंडला. मला वाटलं, पाटीची काळजी असेल. पहिलंच जनावर दगावलं तर दुसरं कोण आणणार? तसं मी बोललोही.

"पाटीनं काय, उतारी टाकसूत," ते म्हणाले. "पन तो मानूस परत ई अन् इचारी, मना कैसर कोठे शे? मंग मी काय सांगू, सर?"

त्यांच्याकडे एकच उपाय उरला होता, त्यांच्या वडिलांचा. नवीन विकत आणलेला बैल वैरण खाईना, की वडील आपली भाकर घेऊन त्याच्या दावणीशी जाऊन जेवायचे. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, आपण आपलं जेवायचं. अभिमनभाऊ तसेच गोठ्यात कैसरकडे पाठ करून बसू लागले. सकाळ-दुपार-संध्याकाळ, प्रत्येक जेवण. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे, तिच्यावरून मी रोज बघायचो. आधी मला हसू यायचं. नंतर येईना. पोरांना दहा मिनिटं एका जागी बसवता बसवता माझा जीव जातो, आणि हा माणूस तासन् तास ताट पुढे घेऊन एका मुक्या जीवाची वाट बघत होता.

सातव्या दिवशी कानबाईचा, आमच्या खानदेशातल्या कुलदेवीचा, सोमवार होता. आदल्या दिवशी बसवलेली कानबाई वाजतगाजत पांझरा नदीवर नेऊन बोळवली होती. मूळ गावाहून, कापडण्याहून, अभिमनभाऊंचे सगळे भाऊबंद आले होते, अंगणात जेवणाची पंगत बसली होती. बारा महिने ताईबाईंची वाटी आमच्याकडे येते, पण या दिवशी नाही. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे. त्याचा कण परक्याच्या तोंडी जाता कामा नये, आणि चुकून गेलाच तर तो माणूस भाऊबंद झाला, त्याच्या घरी मग सोयरीकसुद्धा करता येत नाही. यात चेष्टा चालत नाही. घराण्यातले वडीलधारे मोतीलाल आबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी एकदा एवढ्याच कारणासाठी पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

मी भिंतीपाशी उभा होतो. पंगतीतून अभिमनभाऊ उठले. तीन दिवसांची सवय, दुसरं काय! ताट उचललं आणि चालत गोठ्यात गेले, कैसरकडे पाठ करून बसले. ताटात काय आहे हे त्या माणसाच्या ध्यानातच नव्हतं.

त्यांनी रोटाचा तुकडा दुधात बुडवला. मागे काहीतरी हललं. कैसर उठला होता. त्याचे पाय लटपटत होते. तो एकेक पाऊल टाकत आला, अभिमनभाऊंच्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि त्यांच्या हातातला तुकडा अलगद ओठांनी घेतला.

अभिमनभाऊंनी श्वाससुद्धा घेतला नाही. हात तसाच हवेत. कैसरनं तो चाटला आणि ताटात तोंड घातलं.

"अवो, रोट शेत त्या!" वाढायला निघालेल्या ताईबाई किंचाळल्या.

पंगत उठली. वीस-पंचवीस माणसं गोठ्याच्या तोंडाशी जमली. मोतीलाल आबा काठी टेकत पुढे आले. ताईबाईंनी पदर तोंडावर दाबून धरला होता.

"मनी चूक शे, आबा," अभिमनभाऊ मागे न बघता म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "देवीले जो दंड द्यानाशी तो मी देसू. पन सात दिननं उपाशी शे ते. त्याना तोंडमाईन मी काढाव नही."

आबा बघत राहिले. कुत्रं खात होतं, त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या. इतकी शांतता होती की त्याच्या जिभेचा आवाज मला भिंतीपलीकडे ऐकू येत होता.

"रोट कोन खास?" आबांनी विचारलं.

आबांनी काठी आपटली.

"इचारी राह्यनू मी. रोट कोन खास?"

"भाऊबंद," ताईबाई हळूच म्हणाल्या.

"मंग देखी काय राह्यनात बठ्ठा? वाढा त्याले."

ताईबाई आत गेल्या, रोट आणि दुधाचा तांब्या घेऊन आल्या. सात दिवस ‘कानबाईच्या घरात कुत्रं नको’ म्हणून कटकट करणारी ही बाई शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक तुकडा कुस्करून वाढू लागली. आपल्या जेवणावरून उठलेली एवढी माणसं उभ्यानं एका कुत्र्याचं जेवण बघत होती. काहींनी हात जोडले होते. मी देवभोळा नाही. कशापुढे ते सांगता येणार नाही, पण मान खाली झुकली.

कुरियन साहेब महिन्यानं आले. कैसर त्यांच्या अंगावर झेपावला आणि मागे न बघता निघून गेला. अभिमनभाऊ खूश होते. मग मात्र लोक येऊ लागले. मांजरं आली, पोपट आला, एका शेठजींचं कासव आलं. साहेबांची जळगावला बदली झाली, तरी गावी जाताना ते कैसरला जीपमध्ये घालून धुळ्यालाच आणायचे. तो उतरला की सरळ ताईबाईंच्या चुलीपर्यंत जायचा, आणि त्याला कुणी हाकलायचं नाही.

१९९३च्या श्रावणात, एका शुक्रवारी, साहेबांचं पोस्टकार्ड आलं. कैसर गेला होता. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला.

रविवारी गल्लीत घरोघरी कानबाई बसत होत्या, वाजंत्री चालली होती. अभिमनभाऊंचं अंगण तेवढं कोरडं होतं. रांगोळी नाही, तोरण नाही. मी गेलो तर अभिमनभाऊ गोठ्यातल्या पाहुण्यांना पाणी दाखवत होते. ओट्यावर मोतीलाल आबा एकटेच बसलेले. त्या वयात सकाळच्या एस. टी. नं कापडण्याहून आले होते.

"आबा, यंदा कानबाई नाही बसवली?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस आणि याला एवढंही कळू नये.

"सर, घरमा सुतक शे."

आबा थोडे सरकले आणि त्यांनी मला बसायला जागा करून दिली.