दादाच्या शब्दांची एकच प्रत

शहाणपणा माझाच. दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडू?

दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आवाज जाणार. मी वाचा-उपचार केंद्रात कॉम्प्युटर सांभाळते. म्हटलं, दादा, तुझे शब्द आधीच भरून ठेवू. नंतर टॅबवर बोट ठेवलंस की तुझ्याच आवाजात बोलशील. आठवडाभर तो माइकसमोर बसला. चारशे शब्द भरले. मध्येच मला चिडवायचा, "ठमे, हेही भरलं बघ!"

डिस्कमध्ये जागा कमी होती. केंद्राच्या नोंदींच्या तीन प्रती असतात, तीन मशीनवर एकेक. दादाच्या शब्दांची मी एकच ठेवली, तिन्ही मशीनवर थोडी थोडी विखुरलेली. म्हटलं, नंतर वाढवू.

ऑपरेशन झालं. मी कामावर परतले, तर निम्मा भार पहिल्याच मशीनवर. बाकीची दोन आरामात. उपाय सोपा होता. प्रत्येकाला माहितीचा एक मोठा वाटा देण्याऐवजी सोळा छोटे वाटे द्यायचे; व्हर्च्युअल नोड म्हणतात त्यांना. पण माहितीनं भरलेलं मशीन हा आकडा बदलू देत नाही. आधी त्याच्याकडची माहिती इतर दोघांच्या हवाली करायची, मगच ते पुसायचं. त्याला पाच तास लागतात. मला कुठला आलाय तेवढा धीर! प्रती आहेतच की, म्हणून सरळ पुसलं, सोळा लिहिलं, चालू केलं. बाकीच्या दोघांकडून ते भरतही गेलं. मी स्वतःवर खूश.

दादाचे एकशे नव्वद शब्द फक्त त्याच मशीनवर होते. बॅकअप होता तो केंद्राच्या नोंदींचा.

त्याच्या खाटेशी बसून मी सगळं कबूल केलं आणि ढसाढसा रडले. दादानं टॅब जवळ ओढला.

"पाणी," टॅब त्याच्या आवाजात बोलला. "उशी." "पुरे."

मग त्यानं माझ्या नावावर बोट ठेवलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा ठेवलं. पुन्हा.

"नको ना रे दादा," मी म्हटलं.

त्यानं टॅब बाजूला सारला, माझी हनुवटी वर केली आणि नुसते ओठ हलवले. ठमे.

मी ओ दिली.