विषयपुस्तिकेतली ओळ

रडक्या बायका मला आवडत नाहीत आणि मी तशी नाही. सव्वीस वर्षं पॉटर्स मिल हायस्कूलमध्ये गणित शिकवतेय. छत गळत होतं तेव्हा वर्गात बादली ठेवून शिकवलं, बॉयलर बंद पडला तेव्हा अंगावर कोट घालून शिकवलं. पोरं तोंडावर 'मिस हॉज' म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण मारिसेलाचं जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि ते मला दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. म्हणून सांगतेय.

आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सहा सरकारी हायस्कुलं. शाळांचं बोर्ड एकच, बस सगळ्यांच्या पिवळ्याच. पण घरं विकणाऱ्या दलालाला विचारा, तो आधी घर कुठल्या शाळेच्या हद्दीत ते सांगतो आणि मग खोल्या किती ते. हायवेच्या पलीकडे लार्क हिल, अलीकडे आम्ही. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोरांना वरच्या पातळीचं कॅल्क्युलस लागतं. लार्क हिलला त्याचे चार वर्ग भरतात. आमच्याकडे एकही नव्हता. शिकवणारी मी होते हो, पण वर्गच नव्हता.

मारिसेला ओरेयाना माझ्याकडे नववीपासून. घरचे एल साल्वादोरचे. बाप छपरं शाकारायला जातो, आई नोएमी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. पोरगी मितभाषी, पण गणित समोर ठेवलं की जेवण विसरायची. तिला पूल बांधायचे होते. राज्य विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शिष्यवृत्ती मिळाली तरच ते जमणार होतं, आणि ते कॅल्क्युलस शाळेत घेतलेलं नसेल तर तिचा अर्ज तिथं कुणी उघडणारही नव्हतं.

त्यावर एक वाट होती. तुमच्या शाळेत एखादा विषय नसेल, तर तो जिथं आहे त्या शाळेत शेवटच्या वर्षी बदली मागता येते. आदल्या वर्षी मारिसेलाची मावसबहीण अशीच लार्क हिलला गेली होती. म्हणजे मारिसेलाचंही जवळजवळ ठरल्यात जमा होतं. फेब्रुवारीत अर्ज टाकायचा, एवढंच.

आणि ती अकरावीत असताना, नोव्हेंबरमध्ये, मला हुक्की आली.

सहा शाळांचा तक्ता करायचा मी ठरवलं. कुठं कुठले विषय, किती प्रयोगशाळा, किती शिक्षक कायम आणि किती तात्पुरते. दोन रविवार चर्चमधून थेट शाळेत येऊन बसले. आकडे लिहायला मारिसेला होती. लार्क हिलला वरच्या पातळीचे एकतीस विषय, आमच्याकडे सात. ती म्हणाली, "मिस, हे बघून बोर्डाला लाज वाटेल." मी म्हटलं, "बाळा, लाज वाटायला ती आधी असावी लागते."

बोर्डाच्या सभेत माणशी दोन मिनिटं मिळतात. मी तक्ता वर धरला आणि म्हटलं, "एकाच घरातली सहा पोरं. एकाच्या ताटात वाढून वाढून ताट सांडतंय आणि बाकीच्यांनी नुसता वास घ्यायचा? ही कुठली रीत?" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मारिसेला आणि तिची आई उभं राहून वाजवत होत्या. त्या टाळ्या मला फार गोड लागल्या, खोटं कशाला बोलू?

जानेवारीत सहाही शाळांची, पुढच्या शालेय वर्षाची विषयपुस्तिका आली. पान चव्वेचाळीस, पॉटर्स मिल: वरच्या पातळीचं कॅल्क्युलस, शिक्षक व्ही. हॉज. मी ती पुस्तिका घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. मुख्याध्यापक म्हणजे डुएन केस्लर, माझ्याच हाताखाली भूमितीत काठावर पास झालेला.

"बघ रे डुएन! सव्वीस वर्षं लागली!"

"अभिनंदन, मिस हॉज," तो म्हणाला. "पण अठरा पोरं भरावी लागतील हं. नाहीतर वर्ग उघडत नाही."

"तू तुझी खुर्ची सांभाळ. पोरं मी आणते."

मारिसेलानं आधी ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत बदलीचा अर्ज टाकला होताच. मार्चमध्ये उत्तर आलं. मधल्या सुट्टीत तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. दोन ओळी होत्या: तुम्ही मागितलेला विषय येत्या वर्षापासून तुमच्याच शाळेत उपलब्ध आहे, सबब बदली नामंजूर.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बरंच झालं! कशाला जातेस तिकडे परक्यांत? मीच शिकवीन की तुला!" ती हसली. कागदाची नीट घडी घालून तिनं वहीत ठेवला. मी तिला डोनट दिला आणि आपल्याच तोऱ्यात वर्गात गेले.

मग पोरं गोळा करायला लागले. फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या हातापाया पडले, आयांना फोन केले, पोरं काम करतात त्या पिझ्झाच्या दुकानातही जाऊन आले. "मिस, माझं साधं बीजगणित बुडतंय आणि तुम्ही हे काय काढलंय?" एक पोरगा म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. आठवीपासून ज्यांना धड शिक्षक मिळाला नाही, ती पोरं बारावीत एकदम कुठून उगवणार? तक्त्यात हे कुठल्याच रकान्यात येत नव्हतं. जून संपता संपता अकरा नावं झाली. त्यातली दोन मी दमदाटीनं घेतलेली.

ऑगस्टमध्ये डुएननं बोलावलं. दार लावून घेतलं तेव्हाच मी ओळखलं.

"अकरा पोरांवर वर्ग देत नाहीत, मिस हॉज. लार्क हिललाही हाच नियम आहे."

"अरे, लार्क हिलला अठरा पोरं नुसती पार्किंगमध्ये सापडतील! नियम सारखा म्हणे!"

"मी भांडलो. खरंच भांडलो."

"कधी? जेवायच्या आधी की नंतर?" मी म्हटलं. त्यानं मान खाली घातली. बिचाऱ्याला उगाच बोलले.

तिथून मी गाडी काढली ती थेट बदल्यांच्या कचेरीत. तिथल्या फेनविक बाई फार गोड. टेबलावर चॉकलेटची वाटी, आवाज साखरेचा.

"बदलीची मुदत फेब्रुवारीत संपली हो."

"फेब्रुवारीत पोरीनं अर्ज केलाच होता. विषय आमच्याकडे आहे म्हणून तुम्हीच नाकारलात. आता विषय नाही. मग द्या बदली."

त्यांनी पुस्तिका उघडून पान चव्वेचाळीस माझ्याकडे फिरवलं. "आहे की विषय. हे तुमचंच नाव ना?"

"वर्ग रद्द झालाय, बाई!"

"आम्ही पुस्तिका बघतो. वर्ग भरला का नाही, ते शाळेचं."

"मग मी जेवणाच्या सुट्टीत शिकवते तिला. वर्षभर. फुकट."

"शिकवा ना! किती छान!" त्या म्हणाल्या. "पण गुणपत्रकावर नाही यायचं ते. तिला संध्याकाळच्या कॉलेजात का नाही घालत?"

संध्याकाळी नोएमी कामावर, घरात दोन लहान भावंडं आणि त्या कॉलेजला बस नाही. हे सगळं सांगून काय उपयोग होता? बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. गाडीत येऊन बसले. तो तक्ता मी केला नसता तर ती ओळ छापलीच गेली नसती. ओळ नसती तर पोरगी लार्क हिलला गेली असती. इतकं साधं गणित, आणि मी गणिताची बाई.

शाळा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मारिसेलाला थांबवून घेतलं. बाकीची पोरं बाहेर जाईपर्यंत फळा पुसत राहिले, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"मारिसेला, मला तुला काही सांगायचंय. तुझी बदली अडली ना, ती माझ्यामुळे. मी त्या सभेत बोलले नसते तर..."

"माहीत आहे, मिस."

"कधीपासून?"

"मार्चपासून. पत्र आलं तेव्हाच कळलं."

"अगं मग बोलली का नाहीस? तेव्हा काहीतरी करता आलं असतं! मी बोर्डापुढे जाऊन ती ओळ काढून घेतली असती!"

ती बॅगेचा पट्टा सारखा करत राहिली. "तुम्ही इतक्या खूश होतात, मिस. मी दुसऱ्या दिवशी आले होते सांगायला. तुम्ही फळ्यावर अठरा रेघा ओढल्या होत्या, नावं लिहायला. पहिल्या रेघेवर माझं नाव होतं. मग मला बोलता आलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आई पण म्हणाली, मिसना काही बोलू नकोस. त्यांनी आपल्यासाठीच केलं."

मला तिच्याकडे बघवेना. तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं, एकदा तरी. सव्वीस वर्षांत पोरांनी माझ्यावर दारं आपटली, वह्या फेकल्या, ते सगळं मी सोसलं.

"शिष्यवृत्तीचा अर्ज तरी भरू या," मी म्हटलं. "मी पत्र देते, सगळं लिहून."

"विद्यापीठात विचारलं मी. नुसत्या पत्रावर अर्ज घेत नाहीत म्हणाले." आणि तिनं वर माझीच समजूत काढली, "जाऊ द्या, मिस."

घंटा झाली. कॅल्क्युलसच्या जागी तिला स्वयंपाकशास्त्र दिलं होतं, तेही दुसऱ्यांदा, कारण त्या तासाला दुसऱ्या कुठल्याच वर्गात जागा नव्हती. मागच्या इमारतीत पाच मिनिटांत पोचायचं होतं, म्हणून ती पळतच गेली.